जिथं वारा तिथं तारा, जिथं अंधार तिथं झाडी : घरगुती पवनचक्कीचा सीमाभागातला हिशेब

मिरगाचा पाऊस एकदा धरला की खानापूर तालुक्याच्या पश्चिमेकडच्या रानातल्या वाड्यांत सौर दिव्यांचा भरवसा संपतो. छपरावर पॅनल असतं, घरात बॅटरी असते, पण आठ-आठ दिवस सूर्यच दिसत नाही. संध्याकाळी लावलेला दिवा जेवणं उरकायच्या आत मंदावतो. कुणी बाजाराला निघालं की त्याच्या पिशवीत शेजारपाजारचे चार मोबाईल चार्जिंगसाठी जातात. आणि नेमक्या त्याच दिवसांत बाहेर वारा असा सुटलेला असतो की छपरावरच्या पत्र्याला दगड ठेवावे लागतात.

मग सहाजिकच प्रश्न पडतो, ऊन नाही तर वाऱ्यावर लाईट का करू नये? मोबाईलवर तसे व्हिडिओही भरपूर फिरतात. गच्चीवर गरगर फिरणारं, कमळाच्या कळीसारखं दिसणारं छोटं यंत्र, खाली ‘१००० वॅट, बिल शून्य’ असा मजकूर आणि लगेच फोन नंबर. बेळगावपासून इंदूर-वडोदऱ्यापर्यंत अनेक घरांत असा एखादा व्हिडिओ कुणी ना कुणी कौटुंबिक ग्रुपवर टाकलेला असतो.

प्रश्न रास्त आहे आणि त्याला हसण्यासारखं काही नाही. पण त्याचं उत्तर जागेवर अवलंबून आहे, आणि सीमाभागाचं दुखणं असं की ज्या घरांना पवनचक्कीची खरी गरज आहे तिथं ती चालायला जागा नाही, आणि जिथं ती उत्तम चालेल तिथं हेस्कॉमची लाईट आधीच पोहोचली आहे. या दोन गोष्टी एकत्र न पाहता कुणी पैसे घातले तर पहिल्या पावसाळ्यातच ते वाऱ्यावर जातील.

मीटर नाही, म्हणून योजना नाही

आधी तारेविना राहणारी माणसं कोण, ते पाहू. २०११ साली भीमगड अभयारण्य जाहीर झालं. सुमारे १९० चौरस किलोमीटरच्या या रानात आणि त्याच्या कडेला गवाळी, पास्टोली, कोंगळा, कृष्णापूर, होल्डा, देगाव, मेंडील, आमगाव, तळेवाडी अशी मराठी बोलणारी गावं आणि वाड्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत. त्यांतल्या काहींपर्यंत वर्षानुवर्षांच्या निवेदनांनंतरही खांब पोहोचले नाहीत. रस्ता आणि पूल यांचं रडगाणं वेगळंच. कणकुंबी-आमगावचा पट्टा कर्नाटकातल्या सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत मोडतो, त्यामुळे चार महिने ही गावं जवळपास तुटलेलीच असतात.

याशिवाय रानातली शेतघरं आहेत. गावठाणात घराला मीटर आहे, पण दोन-तीन किलोमीटरवर मळ्यातल्या खोपीत नाही. जनावरं तिथं, राखण तिथं, काही ठिकाणी म्हातारी माणसंही तिथंच. सरकारी कागदावर हे कुटुंब ‘विद्युतीकरण झालेलं’ असतं.

अशा घरांच्या वाट्याला आजच्या मोठ्या योजना येतच नाहीत. कर्नाटकाची गृहज्योती २०२३ पासून महिन्याला २०० युनिटपर्यंत मोफत वीज देते, पण ती मीटरवर. ज्याच्या भिंतीवर मीटरच नाही त्याला २०० युनिट मोफत काय आणि दोन हजार मोफत काय! केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३० हजार, दोनला ६० हजार आणि तीन किंवा जास्त किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान आहे, पण पॅनल वीज कंपनीच्या तारेला जोडलेलं हवं. म्हणजे ज्याच्याकडे लाईट आहे त्याला आणखी लाईट, आणि ज्याच्याकडे नाही तो पुन्हा रांगेबाहेर.

सौभाग्य योजनेत मात्र या घरांचा विचार होता. २०१७ मध्ये सुरू झालेल्या त्या योजनेत दुर्गम घरांना २०० ते ३०० वॅटचं सौर पॅनल, बॅटरी, पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग आणि पाच वर्षांची देखभाल असा संच ठरला होता. योजना मार्च २०२२ मध्ये बंद झाली. बॅटरीचं आयुष्य चार-पाच वर्षांचं धरलं तर त्या काळात बसलेले संच आता कोणत्या अवस्थेत असतील ते सांगायला तज्ज्ञ नको.

घराला लागते किती?

पवनचक्की राहू द्या, आधी गरज मोजू. नऊ वॅटचे चार दिवे रोज पाच तास, २५ वॅटचा एक पंखा आठ तास, दोन मोबाईल आणि तीन तास छोटा टीव्ही. सगळं मिळून दिवसाला अर्धा युनिट, फार तर पाऊण. एवढीशी वीज! बेळगावातल्या एखाद्या फ्लॅटमधला गीझर ती पंधरा-वीस मिनिटांत संपवतो.

मार्च-एप्रिलच्या उन्हात ३०० वॅटचं पॅनल ही गरज भागवून उरतं. घोळ होतो जून ते सप्टेंबर. घाटमाथ्यावर दाट ढगांच्या दिवशी पॅनलची वीज उन्हाळ्याच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्श्यावर येते, कधी त्याहूनही खाली.

आणि इथंच वाऱ्याची बाजू जोरात उभी राहते. नैऋत्य मोसमी वारा जून ते ऑगस्टमध्ये सगळ्यात जोमदार असतो. देशातल्या पवनविजेचा मोठा वाटा मे ते सप्टेंबर या महिन्यांतच तयार होतो. शिवाय वारा रात्रीही वाहतो. ऊन जातं तेव्हा वारा येतो, वारा पडतो तेव्हा ऊन येतं. ही जोडी निसर्गानेच जमवून दिली आहे आणि पवन-सौर जोडसंचाची कल्पना याच पायावर उभी आहे. त्यामुळे घाटावरच्या माणसाला पवनचक्की सुचते ती व्हिडिओ बघून नव्हे, दारात उभं राहून.

वाऱ्याचा घनाचा हिशेब

पण वाऱ्याची एक खोड आहे आणि विक्रेता ती सांगत नाही. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्यातली शक्ती आठपट होते. निम्मा झाला की आठव्या हिश्श्यावर येते. उसाच्या वजनासारखा हा सरळ हिशेब नाही, इथं घन करावा लागतो.

उदाहरण घेऊ. तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट व्यासाचं पातं असलेली पवनचक्की. बाजारात ती ‘एक किलोवॅट’ म्हणून विकली जाते. बेळगावच्या उंचीवरची हवा आणि छोट्या यंत्राची खरीखुरी कार्यक्षमता धरली, तर सेकंदाला चार मीटर वाऱ्यात ती सुमारे ६० वॅट देते. म्हणजे सहा दिव्यांपुरतं. पाच मीटरला १२० वॅट. आठ मीटरला ५०० च्या आसपास. पाटीवर छापलेला एक किलोवॅट मिळायला सेकंदाला दहा-अकरा मीटर, म्हणजे ताशी ४० किलोमीटरच्या जवळपास वारा लागतो. अशा वाऱ्यात दुचाकीस्वार रस्त्यावर डगमगतो. तो काही रोज, दिवसभर नसतो. आणि सेकंदाला तीन मीटरच्या खाली बहुतेक यंत्रं फिरली तरी बॅटरीत काही भरत नाहीत.

सरासरी चार मीटर वाऱ्याच्या जागी अशी चक्की झुळुका-झोत सगळे धरून दिवसाला दोन युनिटच्या आसपास देऊ शकते. घराची गरज अर्धा-पाऊण युनिट असेल तर हे पुष्कळ झालं. मग अडचण कुठे? अडचण ही की तो सरासरी चार मीटर वारा पात्याच्या उंचीवर मिळायला हवा, आणि रानातल्या वाडीत तो मिळत नाही.

सरकारी नकाशे पाहून इथं अनेकांची फसगत होते. चेन्नईच्या राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेच्या अंदाजानुसार १२० मीटर उंचीवर कर्नाटकाची पवनक्षमता १२४ गिगावॅटच्या वर आहे आणि महाराष्ट्राची ९८. आकडे खरे आहेत. पण १२० मीटर म्हणजे चाळीस मजली इमारतीएवढी उंची. सौंदत्तीच्या माळावर, गदगकडे, साताऱ्यात चाळकेवाडीला किंवा वनकुसवडे पठारावर, तिकडे देवासच्या टेकड्यांवर ज्या पांढऱ्या चक्क्या फिरताना दिसतात त्या आकाशातला हा वारा घेतात. जमिनीपासून १२ मीटरवर, मोकळ्या सपाट माळावरसुद्धा वेग सत्तर टक्क्यांवर येतो. झाडंझुडपं, घरं असलेल्या भागात तो पंचावन्न-साठ टक्क्यांवर उतरतो. वर सात मीटर असलेला वारा खाली चार मीटर होतो आणि घनाच्या हिशेबाने शक्ती पाचव्या हिश्श्यापर्यंत घसरते.

आता भीमगडच्या रानातली वाडी डोळ्यासमोर आणा. चहूबाजूंनी साठ-सत्तर फुटांची झाडं, मध्ये भाताची खाचरं आणि आठ-दहा घरं. वर शेंडे घोंगावतात, खाली अंगणात दोरीवरचं धोतर जेमतेम हलतं. तंत्रज्ञांचा जुना ठोकताळा असा की पात्याचं खालचं टोक पाचशे फुटांच्या परिघातल्या कुठल्याही झाडापेक्षा किंवा घरापेक्षा निदान तीस फूट वर हवं. म्हणजे इथं शंभर फुटांचा खांब आला. त्याला पाया आला, तिन्ही-चारी बाजूंना तारांचे ताण आले, ताणांसाठी मोकळी जागा आली, म्हणजे झाडं तोडणं आलं. अभयारण्यात! एका घराच्या अर्ध्या युनिटासाठी हे कुणी करू देणार नाही आणि करूही नये.

झाडांच्या आडोशाला वारा नुसता कमीच होत नाही, तो बिथरतो. एका दिशेने न येता भोवरे घालत येतो. पातं सारखं तोंड फिरवत राहतं, बेअरिंग झिजतं, आवाज वाढतो आणि वीज जवळपास शून्य. शहरातल्या गच्चीचीही हीच गत. इंदूर, हैदराबाद किंवा मडगावच्या इमारतीवर बसवलेली चक्की कठड्यावर आपटून आलेला वारा घेते आणि तिची थरथर खालच्या मजल्यावर झोपलेल्याला ऐकू येते. शहरात तार आहे, नेट मीटरिंग आहे, सूर्यघरचं अनुदान आहे. तिथं गच्चीवर पॅनलच शोभतं.

व्हिडिओतल्या कळीच्या आकाराच्या यंत्रांचाही एकदा सोक्षमोक्ष लावलेला बरा. पात्याचा घेर मोजा. एक मीटर व्यासाच्या गोलातून ताशी ४३ किलोमीटर वाऱ्यात जाणारी एकूण शक्तीच ७५० वॅटच्या आसपास असते. त्यातली ५९ टक्क्यांहून जास्त कुठलंही यंत्र काढू शकत नाही. हा भौतिकशास्त्राचा नियम आहे, जर्मन शास्त्रज्ञ बेट्झ यांनी शतकापूर्वी सिद्ध केलेला. म्हणजे देवाने बनवलं तरी ४४० वॅट, माणसाने चांगलं बनवलं तर दोनशे-अडीचशे, तेही वादळी वाऱ्यात. अशा यंत्रावर ‘१००० वॅट’ लिहिलेलं असेल तर पुढे बोलायचं कारण नाही.

सड्यावरचा वारा, दरीतली वाडी

मग घाटमाथ्यावर पवनचक्कीला जागाच नाही का? आहे. चोर्ल्याच्या बाजूला, कणकुंबीच्या वरच्या अंगाला जांभ्या दगडाचे उघडे सडे आहेत. झाड नाही, आडोसा नाही, पश्चिमेकडून येणारा वारा कडा चढून थेट सड्यावर येतो आणि चढताना त्याचा वेग वाढतो. चंदगड, आजऱ्याकडेही असे सडे आहेत. पावसाळ्यात तिथं उभं राहवत नाही. चाळीस फुटांच्या खांबावरही तिथली चक्की जून ते ऑगस्टमध्ये मन लावून फिरेल.

पण वाडी सड्यावर नसते. ती पाण्याच्या सोयीने खाली, ओढ्याच्या काठाला असते. अर्धा किलोमीटर अंतर धरू. छोट्या पवनचक्क्या सहसा २४ किंवा ४८ व्होल्टवर बॅटरी भरतात. २४ व्होल्टवर ५०० वॅट आणायचे तर २१ अँपिअर करंट झाला. १६ चौरस मिलिमीटरची जाड तांब्याची केबल घातली तरी जाऊन-येऊन एक किलोमीटर तारेत २३ व्होल्ट खर्ची पडतात. चोवीसातले तेवीस! वाडीत दिवा लागायला उरलं काय? म्हणून बॅटरी आणि इन्व्हर्टर सड्यावरच एका खोलीत ठेवायला हवेत आणि तिथून २३० व्होल्टवर वीज खाली आणायला हवी. मग त्याच केबलमध्ये नुकसान टक्काभर. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहे. पण याचा अर्थ ही वस्तू आता एका घराची राहिली नाही. ती वाडीची झाली, आणि वाडीची वस्तू म्हटलं की जागा कुणाची, चावी कुणाकडे, बॅटरी बदलायला वर्गणी कोण गोळा करणार हे सगळं आलं. नळपाणी योजनेची मोटर जळल्यावर गावात काय होतं ते ज्याने पाहिलंय त्याला वेगळं सांगायला नको.

देखभालीचं प्रकरण पॅनलसारखं सरळ नाही. पॅनल पुसलं की झालं. पवनचक्की हे फिरतं यंत्र आहे. वर्षातून निदान एकदा खांब खाली घेऊन बेअरिंग, नट-बोल्ट, पात्याची धार तपासावी लागते. म्हणून खांब बुडाशी बिजागरी असलेला, आडवा करता येणारा हवा. आखडलेल्या पाठीच्या वायरमनला शंभर फूट चढवण्यापेक्षा ते बरं. बॅटरी भरली की चक्की नुसती सोडून चालत नाही. भार काढला तर ती बेफाम पळते आणि पाती फुटतात. त्यासाठी जादा वीज जिरवणारा हीटरसारखा भार कायम जोडलेला लागतो, आणि वादळात पातं वाऱ्यापासून तोंड फिरवेल अशी शेपटीची रचना लागते. स्वस्तातल्या यंत्रांत नेमक्या याच दोन गोष्टी गाळलेल्या असतात. एप्रिल-मेच्या वळवाच्या पावसात बेळगाव जिल्ह्यात विजा किती पडतात हे सगळ्यांना ठाऊक आहे, आणि सड्यावरचा एकुलता एक लोखंडी खांब म्हणजे विजेला आमंत्रणच. उत्तम अर्थिंगशिवाय तिथं काहीच उभं करू नये. पण जांभ्या दगडात अर्थिंग मिळवणं हे स्वतंत्र काम आहे. गोव्याच्या किनाऱ्यालगत याच्या जोडीला खारी हवा आहे, तिथं साधं लोखंड दोन पावसाळेही निभावत नाही.

ज्यांच्याकडे वारा आहे त्यांचं काय?

जिल्ह्याच्या पूर्वेकडे, सौंदत्ती भागात माळरान आहे, झाडी विरळ आहे आणि वारा चांगला आहे. तिथल्या शेतघराला पवनचक्की चालेल. पण तिथल्या शेतकऱ्याची तक्रार दिव्याची नसते, मोटरची असते. थ्री फेज रात्री दोनला येते, पाणी पाजायला अंधारात जावं लागतं, हे त्याचं रडणं आहे. पाच एचपीची मोटर म्हणजे ३.७ किलोवॅट, सुरू होताना त्याच्या कितीतरी पट. दहा फुटी पात्याची चक्की ती हलवूसुद्धा शकत नाही. त्याच्यासाठी सौर पंप हाच रस्ता आहे. सीमेपलीकडे महाराष्ट्रात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकऱ्याला दहा टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला पाच टक्के रक्कम भरावी लागते. बांधाच्या अलीकडच्या शेतकऱ्याने पलीकडच्या पंपाकडे पाहत बसायचं, हा सीमाभागाचा नेहमीचाच अनुभव.

मग पैसे कशात घालायचे?

रानातल्या एकट्या घरासाठी उत्तर रूक्ष आहे. पवनचक्की नको, तिप्पट पॅनल लावा. पॅनलच्या किमती गेल्या काही वर्षांत इतक्या उतरल्या आहेत की किलोवॅटभर पॅनल आज वीस-तीस हजारांच्या घरात मिळतं. सप्टेंबर २०२५ पासून सौर आणि पवन उपकरणांवरचा जीएसटीही १२ वरून ५ टक्क्यांवर आला. ३०० वॅटच्या जागी किलोवॅटभर पॅनल असेल तर गच्च ढगातही अर्धा युनिट पदरात पडण्याची शक्यता राहते. खरा खर्च बॅटरीवर करावा. १५० एएच ट्युब्युलर बॅटरीत कागदावर १.८ युनिट मावतात, पण ती टिकवायची तर निम्मेच वापरावेत. लिथियम बॅटरी महाग पडते, पण तिच्यातले ऐंशी टक्के वापरता येतात आणि ती अधिक वर्षं चालते. झाडीमुळे छपरावर सावली पडत असेल तर पॅनल खाचराच्या बांधावर खांबावर घ्यावं. बारा फुटांचा खांब पुरतो.

पवनचक्कीचा विचार करावा तो सड्याजवळच्या वाडीने, शाळेने, अंगणवाडीने, पाच-दहा घरांनी मिळून, आणि पॅनलला पावसाळ्यातली जोड म्हणून. तोही एकदम नाही. आधी एक पूर्ण पावसाळा आणि एक पूर्ण उन्हाळा त्या जागी, त्या उंचीवर वाऱ्याचा वेग मोजणारं यंत्र लावून नोंद ठेवावी. अनेमोमीटर आणि नोंद ठेवणारी पेटी ही चक्कीच्या मानाने किरकोळ किमतीची वस्तू आहे. बेळगावातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांतल्या मुलांना प्रकल्पासाठी विषय हवेच असतात. ते वर्षभराचे आकडे हातात असल्याशिवाय कुणाच्याही कोटेशनवर सही करू नये.

विक्रेत्याला विचारायचं ते एवढंच की यंत्राची चाचणी कुणी घेतली. छोट्या पवनचक्क्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे आणि राष्ट्रीय पवनऊर्जा संस्थेचं चाचणी केंद्र तामिळनाडूत कायथर इथं आहे. वेगागणिक किती वॅट याचा तपासलेला तक्ता दाखवता येत नसेल तर तो विक्रेता पंख्याचं पातं विकतोय असं समजावं.

सरकारी मदतीचं म्हणाल तर घरगुती पवनचक्कीसाठी केंद्राची योजना होती. पवन-सौर जोडसंचाला एका टप्प्यावर किलोवॅटमागे लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळत होतं. देशभर मिळून जेमतेम तीन-साडेतीन मेगावॅट उभे राहिले, त्यांत सगळ्यात जास्त महाराष्ट्रात. म्हणजे पाटण तालुक्यातल्या एक-दोन मोठ्या चक्क्यांएवढी सगळी मिळून क्षमता. गेल्या दशकाच्या अखेरीस ती योजना गुंडाळली गेली. २०१८ चं पवन-सौर धोरण आलं ते मोठ्या, तारेला जोडलेल्या प्रकल्पांसाठी. योजना बंद का पडली यात फार गूढ नाही. वारा न मोजता अनुदान पाहून चक्क्या लागल्या की त्यातल्या बऱ्याच दोन-तीन वर्षांत थांबतात, आणि थांबलेली चक्की गावाला त्या कल्पनेवरच अविश्वास धरायला शिकवते.

तार मागायचा हक्क

यात एक धोका राजकीय आहे. ‘तुम्हाला सोलर दिलं, आता पवनचक्कीही देऊ’ असं म्हणून खांबांची मागणी कायमची बाजूला सारली जाऊ शकते. रानातल्या गावांना तार नको असं कुणी म्हटलेलं नाही. धारवाडजवळच्या नरेंद्रपासून गोव्यातल्या शेल्डेपर्यंत ४०० केव्हीच्या वाहिनीचा प्रस्ताव याच घाटातून जातो, त्यावर परवानग्या, हरकती, दोन राज्यांतली म्हादईची भांडणं सगळं वर्षानुवर्षं चाललंय. गोव्याच्या विजेसाठी घाटातून मनोरे उभे करायची चर्चा दिल्लीपर्यंत होते आणि त्याच घाटातल्या वाडीला एक साधी केबल नेता येत नाही, हे गवाळीच्या माणसाला कुणी पटवून द्यावं?

कायदा पूर्णपणे आडवा येतो असंही नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये वनगावांच्या सोयीसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन वळती करता येते, अट अशी की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटू नयेत आणि ग्रामसभेची शिफारस असावी. या सोयींच्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा आहेत, आणि अपारंपरिक ऊर्जेची साधनंही आहेत. म्हणजे सड्यावरची पवनचक्की, बॅटरीची खोली आणि खाली येणारी केबल तिन्ही या कलमात बसू शकतात. अभयारण्याच्या हद्दीत वन्यजीव कायद्याची परवानगी वेगळी लागते आणि खरी अडवणूक तिथं होते. जमिनीखालून केबल नेली तर हत्ती-गव्यांच्या वाटेत काही येत नाही, हा मुद्दा ग्रामसभेच्या ठरावात लिहून द्यायला हरकत नाही.

दुसरीकडे स्थलांतराचा प्रश्न आहे. तळेवाडीतल्या कुटुंबांना २०२५ मध्ये कुटुंबामागे १५ लाखांची भरपाई देऊन रानाबाहेर आणण्याची प्रक्रिया सुरू झाली. बाकीच्या गावांत मतं विभागलेली आहेत. काही तरुण जायला तयार आहेत, म्हातारी माणसं देवराई आणि भाताची खाचरं सोडायला तयार नाहीत. जायचं की राहायचं हे ठरेपर्यंत सरकार रानात खर्च करायला नाखूश असतं, आणि लाईट नसल्यामुळे माणसं कंटाळून जायला तयार होतात. अंधार हेच स्थलांतराचं कारण बनत असेल तर त्या संमतीला स्वेच्छा कसं म्हणायचं, हे खानापूरच्या प्रतिनिधींनी वनखात्याला विचारायला हवं.

तोवर जी घरं राहिली आहेत त्यांच्यासाठी पॅनल आणि बॅटरी यांचा एक फायदा उरतोच. उद्या गाव हललं तर चार बोल्ट काढून ती बैलगाडीत घालता येतात. शंभर फुटांचा खांब नेता येत नाही. सौभाग्यचे जुने संच कुठे बसले होते, त्यांतले किती चालू आहेत आणि बॅटऱ्या कधी बदलल्या, याची गावनिहाय यादी हेस्कॉमकडून माहिती अधिकारात मागवता येते. अर्जाला दहा रुपये फी आहे. पुढच्या मिरगाच्या आत ती यादी हातात आली, तर निदान कुठल्या वाडीत काय कमी आहे ते तरी कळेल.